उशिरा पाण्यात उतरलेल्यांची शर्यत

जलतरणातल्या प्रौढांच्या स्पर्धांना जगभर ‘मास्टर्स’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पंचविसाव्या वर्षापासून त्यांत उतरता येते आणि पुढे पाच-पाच वर्षांचे गट पडतात : २५ ते २९, ३० ते ३४, असे थेट शंभरीच्या पलीकडे. वय मोजताना वाढदिवस पाहत नाहीत. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला जे वय होईल ते धरतात. त्यामुळे ज्या वर्षी पन्नाशी भरायची असते त्या वर्षी जानेवारीतच स्पर्धक ५० ते ५४च्या गटात जातो आणि तिथला सर्वांत तरुण ठरतो. वय वाढल्याचा असा उघड फायदा इथे मिळतो.

या स्पर्धांची सुरुवात अमेरिकेत झाली. मे १९७० मध्ये टेक्सासमधल्या अमरिलो इथे पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा भरली. अमेरिकी नौदलातले डॉक्टर रॅन्सम आर्थर यांची खटपट त्यामागे होती. स्पर्धेची तारीख डोळ्यांसमोर असली की मध्यमवयीन माणूस व्यायाम सोडत नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता. पहिली जागतिक मास्टर्स स्पर्धा १९८६ साली टोकियोत झाली. भारतात स्विमिंग फेडरेशन ऑफ इंडिया मास्टर्सची राष्ट्रीय स्पर्धा भरवते.

या स्पर्धांत दोन प्रकारची माणसे भेटतात. शाळा-कॉलेजात राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर पोहून मध्ये वीस वर्षे गायब झालेली, ही पहिली. दुसरी म्हणजे पस्तिशीत, पंचेचाळिशीत किंवा निवृत्तीनंतर पहिल्यांदा धड पोहायला शिकलेली. शेजारशेजारच्या लेनमध्ये दोघे उभे राहिले की दुसऱ्याला आपण इथे चुकून आलो असे वाटणे स्वाभाविक आहे. पण दरवर्षी वेळ कमी करत नेण्याची शक्यता या दुसऱ्याकडेच जास्त असते, आणि त्याचे कारण पाण्याच्या गुणधर्मांत आहे.

आधी वयाचा भाग. हिरोफुमी तानाका आणि डग्लस सील्स या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी अमेरिकी मास्टर्स स्पर्धांतल्या उत्तम वेळांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध केला. १५०० मीटर फ्रीस्टाइलमधली कामगिरी साधारण चाळिशीपर्यंत शिखरावर असते, तिथून सत्तरीपर्यंत ती सरळ रेषेत, हळूहळू उतरते आणि सत्तरीनंतर उतार एकदम तीव्र होतो, असे त्यांना दिसले. म्हणजे चाळिशी ते सत्तरी ही तीस वर्षे मंद घसरणीची आहेत. ही रेषा मात्र तंत्र आधीच पक्के असलेल्यांची आहे. ज्याचे तंत्र अजून कच्चे आहे, त्याच्या बाबतीत शरीराचा हा मंद उतार आणि तंत्र सुधारण्याचा मोठा चढ एकाच वेळी चालू असतात, आणि बरीच वर्षे चढच जिंकतो. शंभर मीटरला २ मिनिटे ४० सेकंद घेणारा पंचेचाळीस वर्षांचा माणूस दोन-तीन वर्षांत दोन मिनिटांच्या जवळ येऊ शकतो. लहानपणापासून पोहणाऱ्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला पाच सेकंद कमी करणेही जड जाते.

टोकाचे उदाहरण जपानच्या मिएको नागाओका यांचे. गुडघ्याच्या दुखण्यावर उपाय म्हणून त्या वयाच्या ऐंशीच्या सुमारास पाण्यात उतरल्या. २०१५ साली, शंभराव्या वर्षी, मात्सुयामा इथे त्यांनी २५ मीटरच्या तलावात १५०० मीटर पोहून दाखवले. वेळ लागला १ तास १५ मिनिटे ५४.३९ सेकंद. वयाची शंभरी गाठून हे अंतर स्पर्धेत पार करणाऱ्या त्या पहिल्याच. वेगळ्या अर्थाने उशीर झालेले उदाहरण महाराष्ट्रातले आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हे सैन्यात असताना मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले आणि त्यानंतर पोहण्याकडे वळले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमी वेळेत मिळवले. पॅरालिम्पिकमधले ते भारताचे पहिले सुवर्ण.

आता पाण्याकडे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. पोहणाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर पाण्याचा अडथळा साधारण चौपट होतो आणि तो वेग टिकवायला लागणारी शक्ती आठपट. वेग फक्त १० टक्क्यांनी वाढवायचा म्हटला, तरी जवळजवळ ३३ टक्के जादा शक्ती लागते. चाळिशीनंतर एवढी शक्ती कमावणे फार अवघड. पण तोच वेग दुसऱ्या वाटेनेही मिळतो : अडथळा कमी करून. उशिरा शिकलेल्या माणसाचा अडथळा इतका जास्त असतो की कमी करायला भरपूर वाव असतो. नवशिके याच्या बरोबर उलट करतात. वेळ कमी होत नाही असे दिसले की हात जोरात फिरवतात. शरीर आणखी वेडेवाकडे होते, अडथळा वाढतो आणि पन्नास मीटरवर धाप लागते.

अडथळ्याचे सर्वांत मोठे कारण बुडणारे पाय. छातीत फुप्फुसे असल्यामुळे वरचा भाग तरंगतो; मांड्या आणि पोटऱ्या स्नायू-हाडांनी जड असल्यामुळे खाली जातात. पुरुषांत हे विशेष. शरीर पाण्यात तराजूच्या दांडीसारखे वागते : डोके वर उचलले की कंबर आणि पाय खाली गेलेच. मग पोहणारा पाण्यातून सरकण्याऐवजी आपल्या मांड्या पाण्यावर आपटत पुढे जातो.

महाराष्ट्रात या दोषाला एक इतिहास आहे. गावाकडे कमरेला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचे ओंडके बांधून विहिरीत ढकललेली पिढी आज पन्नाशी-साठीत आहे. ही माणसे पाण्याला भीत नाहीत, तासन्‌तास तरंगतात, सूर सुरेख मारतात. पाण्याची भीती नसणे ही शहरातल्या तलावावर प्रौढपणी शिकलेल्यांकडे नसलेली फार मोठी शिदोरी आहे. पण विहिरीत दहा-बारा हातांवर समोर भिंत येते, पाण्यात कोण कुठून उडी मारील याचा नेम नसतो. त्यामुळे डोके सतत वर ठेवून दोन्ही बाजूंना मान हलवत हात मारण्याची सवय पक्की होते. तलावात शर्यतीसाठी उतरल्यावर पहिले दोन-चार महिने ही सवय मोडण्यातच जातात. मोडायची ती अशी : नजर तळाशी, मान सैल, डोक्याचा मागचा भाग पाण्याच्या पातळीवर, छातीवर किंचित भार. पुढे ताणलेला हात लगेच मागे न ओढता थोडा वेळ तिथेच ठेवला की शरीर लांब होते आणि पाय वर येतात.

डोके खाली गेले की श्वासाचा प्रश्न उभा राहतो. प्रौढांच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळ इथेच खर्च होतो, आणि तो खर्च करावाच. पाण्यात दम कोंडल्यासारखे वाटते ते बहुतेक वेळा प्राणवायू संपल्यामुळे नसते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे असते. नवशिका श्वास रोखून धरतो, तोंड बाहेर आल्यावर एका क्षणात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा प्रयत्न करतो, आणि दोन्ही अर्धवट राहतात. उपाय एकच : तोंड पाण्यात असेपर्यंत नाकातोंडातून सतत, सावकाश हवा सोडत राहणे. मग बाहेर आल्यावर फक्त आत घ्यायचे काम उरते. श्वासासाठी डोके उचलायचे नसते, शरीराबरोबर कडेला वळवायचे असते. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर. पुढे सरकणाऱ्या डोक्याच्या बाजूला पाण्यात खळगा तयार होतो आणि तोंड त्या खळग्यात असते, म्हणून एवढे वळणे पुरते. सरावात दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला शिकावे, शरीर एका अंगाला झुकत नाही. शर्यतीत मात्र सोयीच्या बाजूने दर दोन हातांना श्वास घेण्यात काही कमीपणा नाही. एक धोका इथेच सांगायला हवा. श्वास रोखून पाण्याखाली लांब जाण्याच्या पैजा, विशेषतः आधी जोरजोरात श्वास घेऊन, कुठल्याही वयात जीवघेण्या ठरतात. पाण्याखाली शुद्ध हरपते आणि आधी सूचनाही मिळत नाही.

श्वास बसला की हाताकडे वळावे. फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेणारा बहुतेक जोर हातांतून येतो. बोटे खांद्याच्या रेषेत पाण्यात शिरतात, हात पुढे ताणला जातो, आणि मग कोपर वर ठेवून बोटे तळाकडे वळवायची. तळव्यापासून कोपरापर्यंतचा सगळा भाग उभा होतो आणि पाण्याला मागे ढकलतो. कोच मंडळी याला ‘कॅच’ म्हणतात. उशिरा शिकलेल्यांचे कोपर इथे खाली पडते. कोपर पडले की हात पाणी मागे न ढकलता खाली दाबतो. डोके वर येते, पाय खाली जातात, म्हणजे आधी कमावलेलेही जाते. मूठ मिटून पंचवीस मीटर पोहणे हा यावरचा जुना आणि चांगला सराव. तळवा नसल्यामुळे कोपरापासूनचा भाग वापरण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि मूठ उघडल्यावर पाण्याची पकड एकदम मोठी वाटते. दुसरा सराव हात मोजण्याचा. पंचवीस मीटरला तीस हात लागत असतील तर ते महिन्या-दोन महिन्यांत पंचविसावर यावेत. त्याखाली ओढूनताणून नेण्यात अर्थ नसतो, कारण दोन हातांमध्ये शरीर थबकले तर पुन्हा वेग घ्यायला जादा शक्ती जाते. वेग म्हणजे एका हातात कापलेले अंतर गुणिले मिनिटाला पडणारे हात; उशिरा शिकलेल्याने आधी अंतर वाढवावे, मग हातांची गती.

पायांबद्दल प्रौढांचा गैरसमज असा की जोरात पाय मारले की वेग वाढतो. पायांचे स्नायू मोठे, त्यामुळे प्राणवायू तेच जास्त खातात. लांबच्या अंतराला दोन हातांमागे दोनच लाथा पुरतात. पन्नास मीटरला सहा. लाथ कंबरेतून यावी, गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखी नको. घोटा मात्र सैल हवा. धावणाऱ्यांचे घोटे कडक झालेले असतात; किकबोर्ड, म्हणजे हातात धरायची तरंगती फळी, घेऊन पाय मारताना अशी माणसे जागच्या जागी राहतात, कधी कधी चक्क मागे जातात. इथे घरातलाच एक उपाय कामाला येतो : जेवणानंतर वज्रासनात बसणे. त्या आसनात घोट्याचा पुढचा भाग नेमका हवा तसा ताणला जातो. गुडघ्याचे दुखणे असेल त्यांनी मात्र ते टाळावे.

साधनांपैकी पुलबॉय हा तरंगता ठोकळा गोड फसवणारा आहे. मांड्यांमध्ये तो धरला की पाय आपोआप वर येतात, वेळ कमी होते आणि माणूस खूश होतो. काढला की मूळ प्रश्न होता तिथेच. थोडा वापरावा. हातात घालायचे पॅडल पहिले वर्षभर नकोतच, त्यांचा सगळा भार खांद्यावर येतो. पायांत घालायचे छोटे फिन्स मात्र उपयोगी, कारण शरीर वर राहते आणि हाताकडे लक्ष देता येते. सगळ्यांत स्वस्त साधन म्हणजे मोबाइलवर काढलेले चित्रण. आपले कोपर वर आहे अशी पोहणाऱ्याची खात्री असते आणि चित्रणात ते पडलेले दिसते. महिन्यातून एकदा पाहिले तरी पुरे. तलावावर चित्रणाला मनाई असेल, तर काठावर उभ्या कोचचे डोळे हेच चित्रण.

सरावाची रचना हा पुढचा भाग. महापालिकेच्या तलावांवर बॅच बहुधा पाऊण ते एक तासाची असते आणि त्यात सगळे काही बसवायचे असते. आठवड्यातून एकदा दोन तास पोहण्यापेक्षा चार वेळा पाऊण तास पोहणे केव्हाही चांगले, कारण नवी हालचाल अंगवळणी पडायला ताजे शरीर आणि वारंवार उजळणी लागते. थकल्यावर केलेला सराव चुकाच पक्क्या करतो. न थांबता चाळीस-पन्नास लॅप मारणे हा तलावांवरचा आवडता कार्यक्रम असतो. त्याने दम वाढतो, वेग वाढत नाही. पाऊण तासाचा बरा सराव साधारण असा : २०० मीटर सावकाश, मग ८ वेळा २५ मीटर तंत्राचे सराव, १० वेळा ५० मीटर ठरलेल्या वेळेत आणि दोन फेऱ्यांमध्ये २० सेकंद विश्रांती, ४ वेळा २५ मीटर पूर्ण वेगात आणि प्रत्येक वेळी मन भरेपर्यंत थांबून, शेवटी १०० मीटर हलके. एकूण ११०० मीटर.

ठरलेली वेळ कुठून काढायची? एका दिवशी ४०० मीटर आणि नीट विश्रांती घेऊन २०० मीटर, दोन्ही जमेल तेवढ्या वेगात पोहावे. समजा ४०० ला ८ मिनिटे लागली आणि २०० ला ३ मिनिटे ४५ सेकंद. फरक ४ मिनिटे १५ सेकंदांचा, म्हणजे २५५ सेकंद, आणि तो २०० मीटरसाठी. त्याचे निम्मे १२७.५ सेकंद. हा त्या माणसाचा शंभर मीटरचा टिकाऊ वेग : सुमारे २ मिनिटे ८ सेकंद. म्हणजे पन्नास मीटरच्या फेऱ्या १ मिनिट ४ सेकंदांच्या आसपास याव्यात. दीड-दोन महिन्यांनी चाचणी पुन्हा घ्यावी. हा आकडा खाली आला तर सराव बरोबर चालला आहे. नाही आला तर जास्त पोहण्याऐवजी पुन्हा तंत्र तपासावे.

वयाचा खरा हिशेब विश्रांतीत द्यावा लागतो. तरुणाला एका रात्रीत भरून निघणारा थकवा पन्नाशीत दोन दिवस रेंगाळतो, म्हणून जोराचे सराव लागोपाठ दोन दिवस ठेवू नयेत. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात, त्यातही झटक्याचा जोर देणारे तंतू आधी. त्यामुळे आठवड्यातून दोनदा वजनाचा किंवा स्वतःच्या शरीराच्या भाराचा व्यायाम हवाच. सर्वांत जास्त दुखावतो खांदा. हात आत शिरताना अंगठा आधी खाली येणे आणि हात डोक्यासमोर मध्यरेषा ओलांडून जाणे ही त्याची नेहमीची कारणे. वर्षानुवर्षे खुर्चीत वाकून बसलेल्यांची पाठ आखडलेली असते, ती वळत नाही आणि तिचा वाटा खांदा उचलतो. रबरी पट्टा घेऊन खांदा बाहेरच्या बाजूला फिरवण्याचा व्यायाम रोज पाच मिनिटे केला तर बरीच दुखणी टळतात. स्पर्धेची तयारी सुरू करण्यापूर्वी चाळिशीपुढच्या प्रत्येकाने रक्तदाब, साखर आणि हृदय डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी सकाळची बॅच धरू नये, आणि काहीतरी गोड काठावर ठेवावे.

वेळ कमी करण्याची जी जागा बहुतेक प्रौढ वापरतच नाहीत ती म्हणजे भिंत. भिंतीला पाय देऊन सुटल्यावरचा वेग पोहण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो. हात कानांमागे घट्ट, एका तळव्यावर दुसरा तळवा, शरीर ताठ, एवढे केले तर तीन-चार मीटर जवळपास फुकट मिळतात. २५ मीटरच्या तलावात २०० मीटरच्या शर्यतीत सात टर्न येतात. प्रत्येकात अर्धा सेकंद वाचला तरी साडेतीन सेकंद झाले. कोलांटी मारून फिरण्याचा फ्लिप टर्न जमला तर उत्तम. नाही जमला तरी फ्रीस्टाइलमध्ये हाताने भिंत शिवून वळणे नियमात बसते, आणि नीट केलेला साधा टर्न गोंधळलेल्या कोलांटीपेक्षा जलद होतो.

शर्यत कोणती निवडावी, यावर कोचमध्ये दुमत असते. ५० मीटर फ्रीस्टाइलला गर्दी सर्वांत जास्त आणि तिथे झटक्याचा जोर चालतो, म्हणजे लहानपणी पोहलेल्यांचे राज्य. उशिरा आलेल्याला २००, ४०० किंवा ८०० मीटर जास्त मानवते. गती सांभाळण्याची समज तिथे कामी येते आणि स्पर्धकही कमी असतात. बॅकस्ट्रोकमध्ये श्वासाची अडचणच नाही. तलावावर भिंतीपासून ५ मीटरवर टांगलेल्या पताका दिसल्यापासून किती हात लागतात ते मोजून ठेवले की डोके आपटत नाही. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय बाहेर वळवून लाथ मारावी लागते, त्यामुळे गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो. दुखरा गुडघा असेल तर तो विचार सोडावा. बटरफ्लाय हा उशिरा शिकलेल्यांना सर्वांत अवघड प्रकार, पण मास्टर्सच्या नियमांत त्यात ब्रेस्टस्ट्रोकची लाथ चालते. समुद्र आवडणाऱ्यांसाठी कोकणात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा भरतात. खाऱ्या पाण्याची घनता थोडी जास्त असल्याने तिथे पायही कमी बुडतात.

मास्टर्सच्या नियमांत आणखीही सवलती आहेत. सुरुवात उंच ब्लॉकवरून सूर मारूनच करावी अशी सक्ती नाही; तलावाच्या काठावरून किंवा पाण्यात राहून भिंत धरूनही करता येते. सूर नीट येत नसेल त्याने हीच सवलत घ्यावी. सरावात तर उथळ बाजूला सूर कधीच मारू नये, मानेचा मणका मोडण्याचे ते नेहमीचे कारण आहे. मात्र काही बाबतींत वयाची गय नाही. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये भिंतीला एकाच वेळी दोन्ही हात लागले पाहिजेत. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ दोन्ही पायांनी सारखी हवी. एक पाय कात्रीसारखा फिरला की स्पर्धक बाद. बॅकस्ट्रोक संपवताना भिंत पाठीवर राहूनच शिवायची असते, पालथे होऊन चालत नाही. बाद झालेल्या शर्यतीची वेळ धरली जात नाही, त्यामुळे नाव नोंदवण्यापूर्वी एकदा कोचला काठावर उभे करून टर्न, लाथ आणि शेवट एवढ्या तीन गोष्टी तपासून घ्याव्यात.